खाणींतील दिवा व त्याची जाळी

इंग्लंडच्या ईशान्य भागांत फेलिंग येथें कोळशाची एक खाण होती. सन १८१२ च्या मे महिन्यांत तेथें ज्वालाग्राही वायूचा स्फोट होऊन ९२ माणसें व मुलें प्राणांस मुकलीं. खाणींत उजेडावांचून काम होत नसे, आणि उघडी ज्योत तर काळासारखी सोबत असे.

सन १८१५ मध्यें सर हंफ्री डेव्ही ह्या रसायनशास्त्रज्ञानें उपाय शोधला. ज्योतीभोंवतीं त्यानें तारेची बारीक जाळी बसविली. एका चौरस इंचांत ७८४ छिद्रें. वायु जाळींतून आंत शिरे व जळेहि. परंतु तारा उष्णता ओढून घेत, म्हणून बाहेरचा वायु पेटत नसे. त्याच वर्षीं किलिंगवर्थ खाणीच्या यंत्रांवर देखरेख करणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सननेंहि स्वतंत्रपणें असा दिवा सिद्ध केला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यास अक्षरओळख नव्हती. तथापि खाणींतल्या वायूशीं प्रत्यक्ष प्रयोग करून त्यानें आपली वाट काढली.

दिवा कामगारांच्या हातीं आला. त्यामागील तत्त्व मात्र पुष्कळांच्या हातीं आलें नाहीं. जाळीमुळें उजेड अंधुक पडे, म्हणून कित्येक जण ती काढून काम करीत. त्यावर पुढें दिव्यांस कुलुपें घालण्यांत आलीं. परंतु फाटलेली जाळी कुलुपानें सांधली जात नाहीं. वाऱ्याच्या जोरदार झोतानें ज्योत जाळीबाहेर लोटली जाते. जाळी तापून लाल झाली कीं तिचा भरंवसा उरत नाहीं. ज्योतीवर निळसर टोपी दिसूं लागली, तर वायु सांचत आहे असें समजावें. हीं लक्षणें ओळखणारा मनुष्यच वेळेवर मागें फिरूं शके.

मालकहि ह्या बाबतींत निर्दोष नव्हते. दिव्याच्या भरंवशावर, पूर्वी धोक्याचे म्हणून सोडलेले थर त्यांनीं खणावयास घेतले. सन १८३९ मध्यें साउथ शील्ड्स येथें स्फोट झाल्यानंतर नेमलेल्या समितीनें १८४३ मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, केवळ दिव्यावर विसंबून चालणार नाहीं. खाणींत हवा पुरेशी खेळली पाहिजे.

प्रत्येक खाणकामगारानें रसायनशास्त्री व्हावें, असें ह्यावरून ठरत नाहीं. परंतु आपलें साधन कोणत्या कारणानें रक्षण करतें व कोणत्या प्रसंगीं दगा देतें, इतकें तरी त्यास कळलेंच पाहिजे. आणि तें शिकविण्याचा भार, तें साधन त्याच्या हातीं देणाऱ्यावर आहे.