पाराशा आणि नीतिबोध

पाराशा : यहुदी धर्मात दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये वाचला जाणारा तोराचा साप्ताहिक भाग. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांचे 54 भाग पाडलेले आहेत. वर्षात तेवढे शनिवार मोकळे नसले की काही आठवड्यांत दोन भाग जोडून वाचतात. सिम्हाथ तोराच्या सणाला शेवटचा भाग संपतो आणि त्याच दिवशी जगाच्या उत्पत्तीपासून वाचन पुन्हा सुरू होते. या वाचनातून रब्बी, म्हणजे धर्मपंडित, आचरणाचे धडे कसे काढतात आणि महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजात ते मराठीतून कसे पोहोचले, याची ही नोंद.

वाचनाची रीत

चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीला सेफेर तोरा म्हणतात. तिच्यात स्वरचिन्हे नसतात, चालीच्या खुणाही नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी तयारी करावीच लागते. शनिवारी सात जणांना वाचनासाठी पुकारले जाते. मागोमाग प्रेषितांच्या ग्रंथांतला एक उतारा येतो, त्याला हफ्तारा म्हणतात. सोमवारी आणि गुरुवारी, जुन्या काळच्या बाजाराच्या दिवशी, तीन जणांत छोटे वाचन होते. याशिवाय प्रत्येकाने घरी तो भाग दोनदा मुळातून आणि एकदा अरामी भाषांतरातून वाचावा, असा दंडक आहे. फ्रान्समधील राशी (1040–1105) यांचे भाष्य त्याच्या जोडीला अनेक घरांत वाचले जाते.

रब्बींची पद्धत

गोष्ट सांगून खाली तात्पर्य लिहावे, अशी ही पद्धत नाही. मजकुरात कुठे काही खटकते, कमी वाटते किंवा अनावश्यक वाटते, तिथे रब्बी थांबतात आणि प्रश्न विचारतात. नोहा त्याच्या पिढीत नीतिमान होता, असे तोरा सांगते. ही ‘त्याच्या पिढीत’ची मर्यादा कशासाठी? तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात, यावर दोन मते आहेत. एक म्हणते, अशा बिघडलेल्या लोकांत राहूनही तो चांगला राहिला, मग भल्यांच्या संगतीत किती थोर झाला असता! दुसरे म्हणते, त्या लोकांत तो उठून दिसला इतकेच. राशी दोन्ही मते शेजारी शेजारी ठेवतात, निवाडा करत नाहीत.

कित्येकदा धडा थेट व्यवहारात उतरतो. नवे घर बांधले तर गच्चीला कठडा घाल, नाहीतर कोणी पडून त्याच्या मृत्यूचा दोष तुझ्या घराला लागेल, अशी आज्ञा ‘की तेत्से’ या भागात आहे. तालमूदने ती गच्चीपुरती ठेवली नाही: चावरा कुत्रा पाळू नये, डुगडुगणारी शिडी घरात ठेवू नये, हेही त्याच आज्ञेत आले. ‘मिश्पातीम’ या भागातले डोळ्याबद्दल डोळा हे वचनही रब्बींनी शब्दशः घेतले नाही. इजा करणाऱ्याने भरपाई द्यायची, तीही पाच बाबींची: अवयवाचे नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेले काम आणि झालेला अपमान.

‘केदोशीम’ या भागात मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, असे सांगितले आहे. मजुरीच्या याच विषयावर तालमूदमध्ये एक कथा आहे. रब्बा नावाच्या पंडिताच्या हमालांकडून द्राक्षारसाचे पिंप फुटले, म्हणून त्याने त्यांचे कपडे जप्त केले. हमाल रव या गुरूंकडे गेले. कपडे परत कर, असे रव म्हणाले. हा कायदा आहे का, असे रब्बाने विचारले. रवांनी होकार दिला आणि नीतिसूत्रांतील सज्जनांच्या वाटेने चालण्याचा उपदेश पुढे केला. हमालांनी मग गाऱ्हाणे मांडले: आम्ही गरीब, दिवसभर राबलो, उपाशी आहोत. रवांनी मजुरीही द्यायला लावली. काटेकोर कायद्यापेक्षा अधिक काही माणसाकडून मागता येते, या चर्चेत ही कथा आजही सांगितली जाते.

मराठीतली वाट

कोकणातले बेने इस्रायल तेल गाळण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. दिवस पाळला जात होता, पण ग्रंथ आणि शिक्षक हाताशी नव्हते. मुंबईत 1796 मध्ये पहिले सिनेगॉग उभे राहिले. मशीद बंदर हे नाव त्याच्यावरूनच पडले, असे सांगतात. पुढे कोचीनचे शेलोमो सालेम शुराबी 1826 मध्ये आले आणि त्यांनी हिब्रू वाचन व उपासना शिकवली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. धर्मांतराची त्यांची अपेक्षा फारशी सफल झाली नाही, मात्र स्वतःचा ग्रंथ मुळातून वाचण्याचे साधन समाजाला मिळाले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. वल्हांडण या यहुदी सणाच्या विधीचे हग्गादा हे पुस्तक 1874 मध्ये पुण्यात हिब्रू–मराठीत शिळाछापावर निघाले. त्यात शहाणा, दुष्ट, भोळा आणि प्रश्न विचारता न येणारा अशा चार मुलांना चार प्रकारे उत्तर द्यायचे असते. शिकवण ऐकणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे द्यावी, हा धडा त्यातून घरातल्या जेवणाच्या पंगतीत पोहोचला.

हिब्रू न जाणणाऱ्यांसाठी सर्वांत रसाळ माध्यम ठरले कीर्तन. मुंबईत 1880 च्या सुमारास बेने इस्रायलांनी हरिकीर्तनाच्या धर्तीवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने रचायला सुरुवात केली. ओवी, साकी, दिंडी अशा ओळखीच्या वृत्तांत भावांनी विकलेल्या योसेफाची कथा रंगू लागली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या परंपरेतले नावाजलेले कीर्तनकार. कीर्तनांच्या पुस्तिकाही छापल्या गेल्या.

पुणे आणि राजगुरुनगर

भीमेकाठच्या राजगुरुनगरहून, म्हणजे पूर्वीच्या खेडहून, पुणे–नाशिक रस्त्याने साधारण 40 किलोमीटरवर पुणे आहे, आणि जवळची सिनेगॉग तिथेच आहेत. बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी उभारायला घेतलेले कॅम्पातील ओहेल डेव्हिड 1867 मध्ये पूर्ण झाले. लाल विटांमुळे पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. आवारात ससून यांची कबर आहे. हे सिनेगॉग बगदादी यहुद्यांचे, तर रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो (1921) बेने इस्रायलांचे. सैन्यातील आणि सरकारी नोकऱ्यांमुळे अनेक कोकणी कुटुंबे पुण्यात आली होती. 1948 नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलमध्ये स्थायिक झाले. तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघू लागले. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये राज्यातील यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. सामूहिक तोरावाचनासाठी रूढ परंपरेत दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. त्यामुळे लहान झालेल्या समाजात गावोगावच्या सिनेगॉगमध्ये ही संख्या जुळवणे हाच दर शनिवारचा पहिला प्रश्न असतो.