नव्या मोटारीची ‘ऑन-रोड’ किंमत : कायद्याचे आकार कोणते, विक्रेत्याचे कोणते?

नवी मोटार घेताना विक्रेता ग्राहकाच्या हाती जे दरपत्रक देतो, ते बहुधा एकाच पानाचे असते. वर एक्स-शोरूम किंमत, तळाशी ‘ऑन-रोड’ किंमत आणि या दोहोंमध्ये आठ-दहा ओळी. या मधल्या रकमांपैकी काही सरकारजमा होतात, काही विमा कंपनीकडे जातात आणि काही विक्रेत्याकडेच राहतात. मात्र सर्व ओळी एकाच ठशात छापलेल्या असल्याने त्या सर्वच बंधनकारक आहेत, असा ग्राहकाचा समज होतो. वादग्रस्त आकारणीचा उगम या समजातच आहे.

एक्स-शोरूम किमतीत वाहनाचा उत्पादन खर्च, कारखान्यापासून विक्रेत्यापर्यंतची वाहतूक, विक्रेत्याचा नफा आणि वस्तू व सेवा कर हे सारे अंतर्भूत असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ टक्के, मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवरील मोटारींवर ५ टक्के असा हा कर आहे. दरपत्रकात तो पुन्हा वेगळा दाखविला असल्यास तेथेच थांबून विचारणा करावी.

सर्वाधिक तक्रारींचा विषय म्हणजे ‘हँडलिंग चार्जेस’. हाच आकार कुठे ‘लॉजिस्टिक्स’, कुठे ‘डेपो चार्जेस’, तर कुठे ‘फॅसिलिटेशन फी’ या नावाने येतो. गोदामातून दालनापर्यंत वाहन आणणे, ते धुऊन-पुसून तयार करणे, नोंदणीची कागदपत्रे पाहणे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ही सारी कामे विक्रेत्याच्या व्यवसायाचाच भाग असून त्यांचा मोबदला एक्स-शोरूम किमतीतील नफ्यात आलेला असतो. मोटार वाहन कायद्यात वा केंद्रीय मोटार वाहन नियमांत या नावाचे कोणतेही शुल्क नाही. केरळ आणि तेलंगणसह काही राज्यांच्या परिवहन विभागांनी ते आकारू नये, अशा सूचना विक्रेत्यांना वेळोवेळी दिल्या आहेत. तरीही नाव बदलून ते परत येते. अनुभव असा की, या रकमेची स्वतंत्र करपावती ग्राहकाने लेखी मागितली की अनेकदा ती ओळ कमी होते किंवा तेवढ्याच रकमेची ‘विशेष सवलत’ देऊ केली जाते.

नोंदणीची ओळ तपासणे त्या मानाने सोपे आहे. खासगी हलक्या मोटारीच्या नव्या नोंदणीचे शुल्क केंद्रीय नियमांनुसार ६०० रुपये आहे. वाहन कर्जावर घेतले असल्यास बोजा नोंदविण्याचे १,५०० रुपये आणि स्मार्ट कार्ड असल्यास त्याचे २०० रुपये. मोठी रक्कम असते ती राज्याच्या वाहन कराची, आणि ती राज्यागणिक बदलते. १२ लाख रुपयांच्या पेट्रोल मोटारीवर व्यक्तिगत खरेदीदाराला महाराष्ट्रात १२ टक्के कर पडतो, तर कर्नाटकात १७ टक्के आणि त्यावर उपकर. त्यामुळे पुण्यातील नातलगाने मोजलेली रक्कम बंगळूरुच्या दरपत्रकाशी जुळली नाही, तर विक्रेत्याने लबाडी केली असे लगेच समजू नये. कर आणि शुल्क यांची सरकारी पावती मात्र अवश्य मागावी. तीवरील रक्कम आणि दरपत्रकातील रक्कम यांतील तफावत, मग तिला ‘आरटीओ खर्च’ म्हटलेले असो वा ‘एजंट फी’, विक्रेत्याकडे राहिलेली असते.

मोटारीची किंमत १० लाखांहून अधिक असल्यास आणखी १ टक्का रक्कम ‘टीसीएस’ म्हणून घेतली जाते. ही वसुली १ जून २०१६ पासून कायदेशीर आहे आणि ती खर्चात धरू नये. ती ग्राहकाच्या पॅन क्रमांकावर जमा होते आणि विवरणपत्र भरताना प्राप्तिकरात वळती होते किंवा परत मिळते. विक्रेत्याने ती खरोखर भरली आहे ना, हे प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. फास्टॅगच्या ओळीतही टॅगचे शुल्क, परत मिळणारी अनामत आणि खात्यातील शिल्लक अशा वेगवेगळ्या रकमा एकत्र केलेल्या असतात. त्या सुट्या करून घ्याव्यात.

ग्राहकाचे सर्वाधिक पैसे ज्या ओळीत वाचू शकतात ती विम्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी ३ वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरविते. २०२२ च्या अधिसूचनेनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीसाठी तो ३ वर्षांचा १०,६४० रुपये, अधिक कर, असा आहे. तो कोणत्याही कंपनीत तेवढाच. फरक पडतो तो स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागात आणि जोडसंरक्षणांत. हा भाग कायद्याने सक्तीचा नाही. कर्ज देणारी बँक तो मागते, पण अमुकच कंपनीचा घ्या असे बंधन त्यात नसते. विमा नियामक प्राधिकरणाने १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार विक्रेत्याला आपल्याकडूनच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. ‘बाहेरचा विमा घेतला तर वॉरंटी जाईल’ ही भीती निराधार आहे. ‘कॅशलेस मिळणार नाही’ हे म्हणणेही तपासूनच घ्यावे, कारण ती सुविधा विमा कंपनी आणि कार्यशाळा यांच्यातील करारावर अवलंबून असते. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचेही तसेच. दुसऱ्या वाहनावर किंवा स्वतंत्रपणे तो आधीच घेतलेला असेल, तर पुन्हा घ्यावा लागत नाही. दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करताना विमाघोषित मूल्य दोन्हीकडे सारखेच धरावे. ते कमी दाखवून हप्ता स्वस्त भासविणे अवघड नसते.

‘बेसिक किट’, चटया, टेफ्लॉन लेप, वाढीव वॉरंटी, रस्त्यावरील मदत सेवा या गोष्टी ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. त्या घेतल्याशिवाय मोटार मिळणार नाही, असे सांगणे मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील प्रतिबंधक व्यापार प्रथेच्या व्याख्येत बसते. एखाद्या मॉडेलला प्रतीक्षायादी असली की हा आग्रह वाढतो. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच ओळवार दरपत्रक सही-शिक्क्यासह घेणे हिताचे ठरते, कारण पैसे गुंतल्यावर ग्राहकाची बाजू लंगडी होते.

वाद मिटला नाही तर आधी विक्रेत्याला आणि उत्पादक कंपनीला ईमेल करावा, नंतर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवावी. विम्याच्या सक्तीची तक्रार विमा नियामकाकडे, तर नोंदणीशी संबंधित जादा आकाराची प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे करता येते. विक्रेत्याचे व्यवसाय प्रमाणपत्र याच कार्यालयाच्या अखत्यारीत असते. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार चालते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्यापुढे ते अल्प आहे. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येत असल्याने इंदूरला खरेदी करून नागपूरला परतलेल्या ग्राहकाला तारखांसाठी इंदूरच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. तक्रारीची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.