मोटरहोममधील फ्लोअरिंग व कपाटे

जुन्या बसचे मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याजोग्या वाहनात, रूपांतर करताना जमिनीसाठी व कपाटांसाठी निवडल्या जाणाऱ्या साहित्याचे निकष स्थिर घराहून वेगळे असतात. अमेरिकेत वापरातून बाद झालेल्या पिवळ्या शालेय बसगाड्यांपासून अशी घरे तयार केली जातात. त्यांना तेथे ‘स्कूली’ म्हणतात. चालत्या घरात वजन, हादरे, ओलावा आणि बंदिस्त हवेत साठणारी रसायने यांचा विचार आधी करावा लागतो, रंगरूपाचा नंतर.

मूळ जमीन

अमेरिकी शालेय बसमध्ये सामान्यतः पोलादी पत्र्यावर प्लायवूड आणि त्यावर काळे रबर असते. आसनांच्या बोल्टांच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी प्लायवूडखाली साचते व पत्रा गंजतो. त्यामुळे जुने थर काढणे, गंज खरवडणे, छिद्रे बुजवणे आणि गंजरोधक रंग देणे ही कामे प्रथम केली जातात. त्यानंतर उष्णतारोधक फोम व नवे प्लायवूड बसवतात. अनेक बसगाड्यांची आतील उंची सहा ते साडेसहा फूटच असल्याने प्रत्येक थराच्या जाडीमुळे डोक्यावरची जागा कमी होते.

फ्लोअरिंग

व्हिनाइल पाण्याने फुगत नाही व स्वच्छ करण्यास सोपे असते. त्याच्या एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या उष्णतेने प्रसरण पावतात, म्हणून कडेला फट ठेवतात. अशा ‘तरंगत्या’ जमिनीवर जड कपाट स्क्रूने पक्के केल्यास तिची हालचाल अडते आणि सांधे उचकटतात. यावर उपाय म्हणून आधी कपाटे बसवून भोवती पट्ट्या अंथरतात किंवा गोंदाने चिकटणारे व्हिनाइल वापरतात. लॅमिनेट फ्लोअरिंगचा गाभा दाबलेल्या लाकूडतंतूंचा असल्याने सांध्यांतून पाणी शिरल्यास तो फुगतो. सिरॅमिक फरशी टिकाऊ असली तरी जड असते आणि बसची चौकट प्रवासात पिळवटत असल्याने तिचे सांधे तडकू शकतात.

कपाटे

एमडीएफ स्वस्त व गुळगुळीत असते. मात्र ८ × ४ फूट आकाराच्या १८ मिमी जाड तक्त्याचे वजन सुमारे ४० किलो भरते. पॉप्लरसारख्या हलक्या लाकडाच्या १२ मिमी प्लायवूडचा तेवढाच तक्ता साधारण १६ किलोचा असतो. वाहनाचे एकूण वजन निर्मात्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेत ठेवावे लागत असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो. पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रूची पकड हादऱ्यांनी सैल होते. प्लायवूडमध्ये ती अधिक टिकते. कपाटे केवळ आतल्या आच्छादनाला न जोडता बसच्या पोलादी फासळ्यांना व जमिनीला जोडतात. वळणावर किंवा ब्रेक लागताना खण बाहेर येऊ नयेत म्हणून त्यांना खटके लावतात.

ओलावा व हवा

स्वयंपाक आणि श्वासोच्छ्वास यांतील बाष्प थंड पत्र्यावर घनीभूत होते. कपाटांच्या पाठीमागे हवा खेळती नसल्यास तेथे बुरशी धरते. तक्त्यांतील युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंदातून सुटणारा वायू लहान जागेत अधिक त्रासदायक ठरतो. २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेत विस्थापितांना दिलेल्या ट्रेलर-घरांतील रहिवाशांना डोळ्यांची जळजळ व श्वसनाचे विकार जाणवले. तेथील रोग नियंत्रण केंद्राने २००८ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत या घरांच्या हवेत फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण सर्वसाधारण घरांपेक्षा जास्त आढळले. २०१० मध्ये तेथे अशा तक्त्यांतील उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा झाला. त्यानुसार ही मर्यादा प्लायवूडसाठी ०.०५, पार्टिकल बोर्डसाठी ०.०९ आणि एमडीएफसाठी ०.११ पीपीएम आहे.

भारतातील स्थिती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. निवासी वाहनांसाठी ‘एआयएस-१२४’ हे मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. येथील बाजारात ‘आयएस ७१०’ चिन्हाचे मरीन प्लायवूड मिळते. ते फिनॉलिक गोंदामुळे ओलाव्यात टिकते व फॉर्माल्डिहाइडही कमी सोडते. मात्र ते वजनाने जड असल्याने बहुधा ओलसर भागांपुरते वापरणे सोयीचे ठरते.