ठगाची कैफियत

ठगांच्या खऱ्या जबान्यांच्या आधारें मेडोज टेलर यांनीं १८३९ सालीं ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तींतील अमीरअली स्वमुखें ७१९ खून कबूल करतो. तरीहि आपलें मन त्याच्याकडेच ओढ घेतें. कारण ठगांनींच त्याचे आईबाप मारून त्याला वाढविलें, हें आपण आधींच ऐकलेलें असतें. वाटसरू मात्र त्याच्याच नजरेनें दिसतात आणि रुमालाचा फांस पडतांच कथेंतून नाहींसे होतात. एकदां मारलेली स्त्री आपली सख्खी बहीण होती, असें त्याला मागाहून कळतें. तेव्हां कोठें आपण तिच्यासाठीं हळहळतों. म्हणजे मृताला दया मिळाली, तीहि मारणाऱ्याच्या नात्यानें! गुन्ह्याची कथा वाचतांना म्हणूनच विचारावें: जो आतां बोलूं शकत नाहीं, त्याची बाजू कोण मांडतो?