बंडीचा आख आणि जीपचे बेअरिंग

१/ वैनगंगेच्या डाव्या तीरावरील आरमोरीची नोंद एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटियरमध्ये आढळते. गावात काय तयार होते, हे तिथे मोजक्या शब्दांत दिले आहे : जाडेभरडे व तलम कापड, कोशाचे सूत आणि बैलगाड्या. कोशाचा अभिमान आरमोरीकर आजही बाळगतात. बैलगाड्या मात्र विस्मरणात गेल्या. आजचा धागा त्या विसरलेल्या शब्दाविषयी आणि जुन्या जीपच्या चाकातले बेअरिंग आपल्या हातांनी कसे राखावे, याविषयी. हे दोन विषय मुळात एकच आहेत.

२/ बैलगाड्या आरमोरीतच का? हे गाव दोन प्रदेशांच्या शिवेवरची बाजारपेठ होते. पूर्वेकडील जंगलाचा माल आणि पश्चिमेकडील कापसाच्या मुलखाचा माल येथे एकमेकांना भेटत असे. रेल्वे येण्यापूर्वी हा सारा व्यवहार बैलांच्या खांद्यावर चालला. लाकडाला जंगल लागून होते आणि लोहारा परिसरातील खनिजामुळे जुन्या चांदा जिल्ह्यात लोखंड गाळण्याची परंपराही होती. चाकाला सुतार आणि लोहार असे दोघे लागतात.

३/ आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. तिच्या चाकाचा मधला लाकडी गड्डा म्हणजे तुंबा. तुंब्यातून आरे निघतात, बाहेरच्या लाकडी घेराला ते धरून ठेवतात आणि घेरावर तापवून चढवलेली लोखंडी धाव असते. तुंब्याच्या छिद्रात लोखंडी नळी बसवतात. तिच्यातून आख जातो आणि टोकाची खीळ चाकाला निसटू देत नाही. चाक फिरते तेव्हा नळीचा आतला पृष्ठ आखावर सतत घासत राहतो. बंडीचे सारे दुखणे या घासण्यात आहे.

४/ त्यावरचा उपाय वंगण. एरंडीचे जाडसर तेल आणि जाळलेल्या गवताची वा चिंध्यांची काजळी यांचे ते काळे मिश्रण बांबूच्या नळ्यात भरून बंडीखाली टांगलेले असे. गाडीवान खीळ काढी, चाक थोडे बाहेर ओढी, आखाला वंगण फाशी आणि चाक परत लोटी. या कृतीला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे : ओंगणे. वंगण कमी पडले तर त्याची किंमत बैल मोजत. जो गाडी हाकतो त्याला ती ओंगता आलीच पाहिजे, हे गृहीत होते.

५/ घासण्याऐवजी घरंगळणे हा दुसरा मार्ग. जड ओंडका ओढण्यापेक्षा खाली गोल लाकडे घालून ढकलणे सोपे, हे जंगलात काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. १७९४ मध्ये वेल्समधील फिलिप वॉन या लोखंड-व्यावसायिकाने गाडीच्या आखाभोवती धातूचे गोळे बसवण्याचे पेटंट घेतले. म्हणजे बॉल बेअरिंगचे हे आरंभीचे पेटंट घोडागाडीसाठी होते. परंतु सर्व गोळे तंतोतंत एका मापाचे नसतील तर सारा भार मोठ्या गोळ्यांवरच येतो. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रिड्रिख फिशरने पोलादी गोळे एकसारखे घासणारे यंत्र तयार केले, तेव्हा ही कल्पना कारखान्यात उतरली.

६/ मोटारीच्या चाकाचा इतिहासही गाडी बनवणाऱ्याच्याच हातून घडला. हेन्री टिमकन हा अमेरिकेतील सेंट लुइसचा घोडागाड्यांचा कारागीर. जड गाडी वळण घेते तेव्हा चाकावर वरून भार येतोच, शिवाय बाजूनेही रेटा बसतो. हा दुहेरी ताण पेलण्यासाठी त्याने व त्याच्या भाच्याने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट १८९८ मध्ये मिळवले आणि १८९९ मध्ये कंपनी काढली. मोटारी आल्या, तेव्हा त्यांच्या चाकांसाठी हे उत्तर तयार होते.

७/ येथे क्षणभर थांबावे. सेंट लुइस आणि आरमोरी, दोन्हीकडे एकाच शतकात एकच प्रश्न सुतार-लोहारांसमोर होता : भारलेले चाक कमी त्रासात कसे फिरेल? तिकडे पेटंट कचेरी, भांडवल आणि अचूक पोलाद होते. म्हणून कारागिराचे नाव उरले. इकडे गॅझेटियरच्या नोंदीत एक अनेकवचनी नाम उरले. हा बुद्धीतला फरक नव्हे. नोंद कोणाची ठेवली जाते, यातला हा फरक आहे.

८/ निमुळते बेअरिंग आपल्याकडे पोहोचवणारे एक वाहन म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीप लिलावात निघाल्या आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. खाचखळग्यांच्या, नाल्यांच्या मुलखात ती टिकली. बेअरिंग मात्र प्रारंभी परदेशातून येई. जयपूरला १९४६ मध्ये नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज स्थापन झाली; चिंचवडला स्वीडिश एसकेएफच्या सहकार्याने कारखाना उभा राहिला तो १९६० च्या दशकात. दुर्मीळ वस्तू फेकत नाहीत, धुऊन पुन्हा वापरतात. देखभालीची सवय या टंचाईने पक्की केली.

९/ आता प्रत्यक्ष काम. जीपच्या पुढच्या प्रत्येक चाकात दोन निमुळती बेअरिंगे समोरासमोर बसतात. जमीन सपाट हवी. उरलेल्या चाकांना दगड लावावेत, नट जमिनीवरच सैल करावेत, मग जॅक लावून आखाखाली भक्कम स्टँड द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. अनेक जुन्या जीपच्या डाव्या बाजूचे चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते नेहमीच्या दिशेने फिरवून बोल्ट तोडणारे पुष्कळ आहेत.

१०/ चाक काढल्यावर मधल्या पोलादी चकतीचे बोल्ट सोडवून ती बाहेर घ्यावी. आत दोन मोठे नट आणि त्यांच्यामध्ये दुमडलेला वॉशर असतो. बाहेरचा नट कुलपाचा, आतला जुळवणीचा. दोन्ही काढले की बाहेरचे बेअरिंग हातात येते आणि ड्रमसह हब ओढून काढता येतो. आतले बेअरिंग ऑइल सीलमागे असते. जुन्या ब्रेकपट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ती धूळ फुंकरीने वा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

११/ बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण कोरडे करावे. मग ते उजेडात वाचावे. हो, वाचावे, कारण तोही एक दस्तऐवज आहे. निळसर झाक म्हणजे उष्णता झाली होती. बारीक खड्डे म्हणजे धातू थकला. ओरखडे म्हणजे कचरा शिरला. तांबूस डाग म्हणजे पाणी गेले. आमच्याकडे पावसाळ्यात नाला ओलांडलेल्या गाडीत हे हमखास सापडते. यांतले काही दिसले तर रोलरचा संच आणि हबमधली बाहेरची कडी दोन्ही बदलावीत. एकमेकांवर झिजलेल्या जोडीतले एकच नवे घालणे चुकीचे.

१२/ ग्रीस चाकाच्या बेअरिंगचेच हवे, आणि जुने पूर्ण धुतल्यावर. तळहातावर गोळा घ्यावा, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहावे. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक रोलरच्या फटीतून ग्रीस डोकावेपर्यंत. वरून फासलेले ग्रीस आत पोहोचत नाही. हब मात्र ठासून भरू नये, उष्णता कोंडते. आतले बेअरिंग बसवून सील नवे लावावे आणि हब चढवावा.

१३/ सर्वांत नाजूक टप्पा जुळवणीचा. चाक चढवून हाताने फिरवत राहावे आणि आतला नट चाक अडखळू लागेपर्यंत आवळावा. असे केल्याने रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण वर-खाली धरून हलवल्यास खडखडता कामा नये. मग वॉशर, कुलपाचा नट, आणि पुन्हा तीच तपासणी, कारण कुलपाचा नट आवळताना जुळवणी बदलू शकते. शेवटी वॉशरची कड दुमडावी.

१४/ हे मी पुस्तिकेतून शिकलो आणि पहिल्याच वेळी चुकलो. मामांच्या जुन्या जीपचा नट मी मागे घेतलाच नाही. घट्ट म्हणजे सुरक्षित, असे वाटले. वडशाला जाऊन आलो तेव्हा मामांनी न बोलता चारही हबवर हात ठेवला. एका हबवरून तो चटकन मागे आला. त्यांचे बालपण बंडीवर गेले. म्हणाले, "बंडी कुरकुर करते तं समजते. इले हात लावूनच पाहा लागते." आणखी काही किलोमीटर गेलो असतो तर बेअरिंग जागीच जळून चाक जाम झाले असते.

१५/ तो हात ठेवणे म्हणजे ओंगणेच होते, नव्या रूपातले. आज बहुतेक मोटारींत बेअरिंग कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले येते. ते अधिक सुरक्षित आहे आणि सामान्य चालकाचा वेळ वाचवते, हे मान्य करायलाच हवे. पण ते उघडत नाही. बिघडले की बदलायचे. बंडीपासून जीपपर्यंत वाहन बदलले, तंत्र बदलले, तरी चाकाची जबाबदारी चालवणाऱ्याच्या हाती होती. ती साखळी तुटली ती जीपनंतर.

१६/ म्हणून जुनी गाडी राखणे हा केवळ छंद नाही. ती एका ज्ञानाची चालती नोंद आहे. गॅझेटियरने आरमोरीच्या गाड्या लिहिल्या, गाड्या करणारे लिहिले नाहीत. ते काम आपल्याला अजून करता येईल. तुमच्या गावात बंडी कोण करत असे, चाकाच्या भागांना काय म्हणत, वंगण कशाचे असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि या धाग्याखाली गावाच्या नावासह लिहा. क्रियापद टिकले तर कृती पुन्हा शिकता येते. धागा समाप्त.