पु-एरचा चहा

आपल्याकडील गृहिणी चहाचा डबा उघडते तेव्हां पूड ताजी आहे कीं नाहीं हें ती प्रथम पाहते. परंतु चीनच्या नैर्ऋत्येस युनान नांवाचा जो डोंगराळ प्रांत आहे, तेथील पु-एर चहा जितका जुना तितका मोलाचा समजतात. वीस-तीस वर्षें जपून ठेवलेला चहा तेथें मानाच्या पाहुण्यासाठीं काढतात.

या चहाचें झाड मोठ्या पानांचें. आसामांतील चहाही त्याच जातीचा. खुडलेलीं पानें किंचित् सुकवून लोखंडी कढईंत परततात, हातांनीं मळतात व उन्हांत वाळवितात. मग तीं वाफेनें मऊ करून, फडक्यांत बांधून, दगडाखालीं दाबून त्यांच्या वाटोळ्या चकत्या करतात. एक चकती बहुधा ३५७ ग्रॅम वजनाची. अशा सात चकत्या बांबूच्या सालींत बांधल्या कीं अडीच किलोंचा गठ्ठा होतो. पुढें हवेंतील ओलावा व सूक्ष्म जंतू वर्षानुवर्षें आपलें काम करीत राहतात. चहाचा कडवटपणा निवतो आणि त्याचा पिंवळसर रंग तांबूस होतो.

चहा पिके डोंगरांत. विकला जाई पु-एरच्या पेठेंत. पेठेचेंच नांव मालास चिकटलें. तेथून खेचरांचे तांडे दाली व लीच्यांग या गांवांवरून ल्हासाकडे जात. सातू, मांस व लोणी यांवर राहणाऱ्या तिबेटी लोकांस चहावांचून चालत नसे. वाटेस महिनेच्या महिने लागत. पावसानें भिजत व उन्हानें तापत चहा वाटेंतच मुरे, आणि त्या मुरलेल्या चवीचीच लोकांस गोडी लागली, असें मानतात. सन १७२९ मध्यें छिंग बादशाहीनें पु-एर येथें जिल्ह्याचें ठाणें केलें व हा चहा पेकिंगच्या दरबारीं नजराणा म्हणून जाऊं लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कांहीं माल रंगून, कलकत्ता व कालिंपाँग या वाटेनें, म्हणजे हिंदुस्थानांतून, ल्हासास पोंचे.

पुढें मागणी वाढली आणि माणसास धीर धरवेना. सन १९७३ मध्यें कुन्मिंग येथील कारखान्यांत चहाचे ढीग रचून, त्यांवर पाणी शिंपडून, ते झांकून व वरचेवर उलथून वर्षांचें काम दीड-दोन महिन्यांत उरकण्याची युक्ति साधली. त्यामुळें मुरलेला चहा सामान्यांच्या आंवाक्यांत आला, हा तिचा मोठाच गुण. परंतु जुन्या चकत्यांचा भाव चढतच गेला. पिण्यासाठीं नव्हे, तर विकण्यासाठीं लोक चहा सांठवूं लागले. आणि सन २००७ मध्यें भाव एकाएकीं कोसळून अनेक शेतकरी व व्यापारी बुडाले.

त्याच प्रदेशांत जिंगमाई नांवाचा डोंगर आहे. तेथील ब्लांग लोकांत एक कथा सांगतात. त्यांचा मूळपुरुष पा ऐलेंग यानें मरतेसमयीं विचार केला कीं, गुरें ठेवावीं तर रोगराईनें मरतील, सोनें ठेवावें तर खर्चून जाईल. म्हणून त्यानें मुलांबाळांस चहाचीं झाडें दिलीं. मोठ्या वृक्षांच्या सांवलींत वाढविलेलीं तीं जुनीं चहावनें ब्लांग, दाई इत्यादि लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखलीं. सप्टेंबर २०२३ मध्यें त्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. सन २००७ च्या बाजारांतला पैसा आला तसा गेला. म्हाताऱ्याचीं झाडें मात्र आजही दर वसंतांत पालवतात.