भिंतीवर काय रंगवावे?

कलापूर म्हणून लौकिक पावलेल्या कोल्हापुरातील एखाद्या भिंतीवर भानू अथय्या यांच्या स्मरणार्थ चित्र काढावयाचे ठरले, तर बहुतेकांस प्रथम ऑस्करची सोनेरी बाहुलीच सुचेल. आम्हांस मात्र वेगळे सुचवावेसे वाटते.

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म कोल्हापुरात २८ एप्रिल १९२९ रोजी झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार. भानूताई स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. पुढे कुंचल्याची जागा कापडाने घेतली. ‘सी.आय.डी.’ (१९५६) पासून ‘लगान’ (२००१) पर्यंत कित्येक पात्रे त्यांनी वस्त्रांतून उभी केली. ‘गांधी’ (१९८२) मध्ये भारतीय पोशाखांची जबाबदारी त्यांची होती. मायदेशी परतलेल्या गांधीजींचे काठेवाडी पागोटे जाऊन पुढे अंगावर केवळ पंचा उरतो, आणि एक माणूस दरिद्री देशाशी कसा एकरूप झाला, हे संवादावाचून कळते.

याच कामाबद्दल १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. परंतु आपल्या पश्चात ती बाहुली येथे नीट जपली जाईल, असा भरवसा त्यांना वाटला नाही. २०१२ मध्ये त्यांनी ती अमेरिकेतील अकादमीच्याच स्वाधीन केली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या निवर्तल्या.

तेव्हा भिंतीवर बाहुली नको. सुई, दोरा आणि पंचा असावा. सुटीत मुलांना अंबाबाईच्या दर्शनास नेणाऱ्या आम्हां दूरस्थांना मग सांगता येईल : बाहुली परदेशी राहिली, हात मात्र इथले होते.